खुरूज-औदा

जुबैलच्या आमच्या खोलीत फ्रिज एक, माणसं चार.
दारातल्या अंड्यांच्या कप्प्यात माझी तीन पेनं,
डबीवर स्केचपेननं : तांडेल. हात लावू नये.
कोण लावणार होतं?
मजीदभाई म्हणायचे, बाबा, तुझं लोणचं तूच खा.

सकाळी अठ्ठावीस युनिट, रात्री बावीस.
साइटवर पारा पन्नासकडे,
आणि माझ्या खांद्याला बर्फाची थैली,
जणू कोलंबी पोचवायची आहे कुणाला.

मग दोन गुंठ्यांचे पैसे मोडले.
आंजर्ल्याच्या वाटेवरची जागा, चार काजू, एक पडका गडगा,
बयाणा द्यायचाच राहिला होता.
त्या पैशात दम्मामच्या हॉस्पिटलात पाऊण पोट काढून टाकलं.
बायको फोनवर म्हणाली,
लोक पोटाला चिमटा काढून जागा घेतात,
तुम्ही जागा सोडून पोटाला कात्री लावलीत.

चौथ्या दिवसाचं सांगतो. त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.
वजन होतं तेवढंच, एकशे अठरा. पट्ट्याचं भोक तेच.
औषधाच्या टोपणातून घोट घोट पाणी.
रोवेनानं बोटाला टोचलं, यंत्राकडे पाहिलं, दुसऱ्या बोटाला टोचलं.
एकशे नऊ.
इंजेक्शन? मी विचारलं.
आज नको पापा, ती म्हणाली.
चौदा वर्षांचा बिऱ्हाडकरू
सामानही न आवरता निघून गेला होता.

डॉक्टर हातिम हसले नाहीत.
आतड्यातून काही निरोप जातो, म्हणाले,
सगळा आम्हालाही वाचता येत नाही.
आणि ऐक, हे खुरूज निहाई समजू नकोस.
खुरूज-औदा आहे.

इथं आलेल्याला पाण्याच्या आधी हे दोन शब्द येतात.
निहाई म्हणजे गेला तो गेला.
औदा म्हणजे पासपोर्टावर परतीचा शिक्का आहे.

उरलेली पेनं फेकवेनात.
आक्काचंही तेच औषध, तेवढ्याच युनिटांचं.
दाभोळला धाडली, सुट्टीवर निघालेल्या खतीबच्या हाती,
थर्मासमध्ये, वर खजुराची पिशवी.
डाव्या पायाची दोन बोटं तिची तेव्हाच गेलेली.
पोचली रे, थंडगार होती, तिचा फोन आला.
मग थांबून : तुला आता लागतच नाहीत?
नाही, म्हटलं,
इतकं हळू की तिला वाटलं लाइन गेली.

पहिल्या वर्षी बत्तीस किलो.
आरशात वडलांची मान.
कुणी इफ्तारला बोलावलं की परातीएवढं कबसाचं ताट,
मी चार घास खातो आणि भात इकडचा तिकडे करत राहतो,
यजमानाला वाईट वाटू नये.
नारळी पुनवेला मजीदभाईंनीच हौसेनं नारळीभात केला,
वाटीभर खाल्ला,
आणि अर्धा तास मोरीत बसून होतो, घामानं निथळत,
बाहेरून ते विचारतायत, गूळ जास्त झाला काय?

आता सहावं वर्ष.
तीन महिन्यांची सरासरी पाच-चार, पाच-सात, सहा.
परवा सहा-चार.
आकड्याशेजारी एक बारीक बाण, वर तोंड केलेला.
हातिम म्हणाले, अजून आत आलेला नाही.
विमानतळावर उतरलाय म्हण.

त्या रात्री फ्रिज उघडला.
अंड्यांच्या कप्प्यात आता खरंच अंडी असतात.
तीन उचलून वरच्या खणात ठेवली,
मग लाज वाटली, परत होती तिथे ठेवली.

आक्का मंगळवार-शुक्रवार दापोलीला डायलिसिसला जाते.
तिथून फोन करते, चार तास जात नाहीत म्हणून.
तुझी किती आली रे, दर वेळी विचारते,
आणि इतकी वर्षं मी वाढवूनच सांगत आलोय,
साडेसात, आठ, गोळ्या आहेत की अजून.
परवा तोंडातून खरा आकडा गेला.
सहा-चार? ती केवढ्यानं म्हणाली,
अरे, उतरली की!
शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही सांगितलं तिनं.
हो गं, म्हटलं. उतरली.
मागे तिचं मशीन चालू होतं.